डिश मावली, आजी हरवली

आमच्या घरच्या अल्बममध्ये खोडदचा एक फोटो आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आम्ही घरच्या मंडळींना तेथील रेडिओ दुर्बीण दाखवायला नेले होते. आजीही हट्टाने आली होती. सर्वांना एका अँटेनाच्या पायथ्याशी ओळीने उभे केले आणि कॅमेरा डोळ्याला लावून आम्ही मागे मागे सरकत गेलो. अख्खी डिश चौकटीत येईपर्यंत सरकलो, मग बटण दाबले. फिल्मचा जमाना होता. ३६ फोटोंचा रोल पुरवून वापरायचा, म्हणून एकच फोटो काढला.

आठवड्याने फोटो धुऊन आले. डिश सुंदर आली होती. आजीने चष्मा पुसून फोटो निरखला आणि विचारले, "अरे, यात मी कुठाय?" आम्ही पेन्सिलीच्या टोकाने तिला ती दाखवली. "बरं झालं, पदर नीट नव्हता माझा," असे म्हणून ती हसली आणि विषय संपला.

आजी आता नाही. खोडदला ती पुन्हा कधी आली नाही आणि त्या दिवसाचा तिचा दुसरा फोटो नाही. परवा आम्ही त्या फोटोवर पट्टी ठेवली. आजी अडीच मिलिमीटर भरली. बहिर्गोल भिंगातून पाहिले तर हिरव्या लुगड्याचा ठिपका मोठा होतो, पण चेहरा काही दिसत नाही.

सहलीचे बहुतेक कौटुंबिक फोटो असेच फसतात. शिवनेरीच्या दरवाजापाशी, नाणेघाटात, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर आपण हेच करतो. आधी माणसांना त्या भव्य वस्तूला चिकटवून उभे करतो आणि मग वस्तू मावावी म्हणून आपण मागे जातो. यात निष्काळजीपणा नसतो, तर एक साधा गुणोत्तराचा हिशोब चुकलेला असतो. तो हिशोब समरूप त्रिकोण शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येतो. फोटोच्या रचनेचे नियम पाठ करण्याऐवजी ते भूमितीतून कसे निघतात हे पाहिले, तर वर्गातही त्याचा उपयोग होईल.

डिश केवढी, माणूस केवढा

प्रथम मापे पाहू. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ उभारलेल्या या दुर्बिणीत ३० अँटेना आहेत आणि प्रत्येक डिशचा व्यास ४५ मीटर आहे. डिश सुमारे १५ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या मनोऱ्यावर बसवलेली असते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प उभा राहिला. एवढी मोठी डिश भरीव पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा जोर दोन्ही फार वाढले असते. म्हणून पोलादी दोर ताणून त्यांच्यावर बारीक तारेची जाळी बसवली आहे. दुर्बीण ज्या रेडिओ तरंगांचा अभ्यास करते, त्यांची लांबी साधारण २० सेंटिमीटर ते २ मीटर असते. जाळीची छिद्रे त्यापेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे या तरंगांना जाळी आरशासारखीच भासते.

आता माणूस पाहू. हिशोब सोपा व्हावा म्हणून त्याची उंची दीड मीटर धरू. ४५ भागिले १.५ म्हणजे ३०. डिशची रुंदी माणसाच्या उंचीच्या तीसपट आहे. माणूस आणि डिश कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील, तर फोटोतही हे प्रमाण १ ला ३० असेच राहणार. कॅमेरा कितीही भारी असला तरी ते बदलणार नाही.

अर्धा म्हणजे अर्धा

एखादी वस्तू फोटोत केवढी दिसेल, हे केवळ तिच्या आकारावर अवलंबून नसते आणि केवळ अंतरावरही नसते. ते आकार भागिले अंतर या गुणोत्तरावर अवलंबून असते. सूचिछिद्र कॅमेरा आठवा. वस्तूचे टोक, छिद्र आणि प्रतिमेचे टोक यांना जोडणारे किरण सरळ जातात आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना समरूप त्रिकोण तयार होतात. भिंगाच्या कॅमेऱ्यातही दूरच्या वस्तूंसाठी हाच हिशोब लागू पडतो.

समजा, आपण डिशपासून ९० मीटरवर उभे आहोत. ४५ भागिले ९० म्हणजे अर्धा. आता दीड मीटर उंचीचा माणूस कोठे उभा केला म्हणजे त्याचेही गुणोत्तर अर्धा येईल? अर्थात कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर. तेथे उभी असलेली आजी फोटोत जेवढी उंच, तेवढीच डिश रुंद दिसेल.

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरला, तर आपण जितके दूर असू त्याच्या साधारण १.३ पट रुंदीचा देखावा त्यात मावतो. म्हणजे ३ मीटरवर सुमारे ४ मीटर आणि ९० मीटरवर सुमारे १२० मीटर. हा फोटो १५ सेंटिमीटर रुंद कागदावर छापला, तर डिश ५६ मिलिमीटर रुंद येते. कॅमेरा जागचा हलवला नाही, तर माणसाची उंची अशी येते:

माणूस ९० मीटरवर (डिशच्या पायथ्याशी): १.९ मिलिमीटर
माणूस ३० मीटरवर: ५.६ मिलिमीटर
माणूस ६ मीटरवर: २८ मिलिमीटर
माणूस ३ मीटरवर: ५६ मिलिमीटर

चारही फोटोंत डिश तेवढीच आहे. बदलली ती फक्त माणसांची जागा. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा: फोटो काढणाऱ्याने आपली जागा वस्तूच्या हिशोबाने ठरवावी आणि मग माणसांना आपल्याकडे बोलवावे. आपण मागे सरकत जायचे नाही, मंडळींनी पुढे यायचे. पाच-सहा माणसे असतील तर ३ मीटर पुरतात. डिश एका बाजूच्या तृतीयांशात ठेवली, की उरलेल्या जागेत ती आरामात मावतात. आठ-दहा जण असतील तर ६ मीटर ठेवावे.

या नियमाचे आणखी दोन फायदे आहेत. आमच्या आजीला त्या दिवशी गुडघेदुखी सहन करत डिशच्या पायथ्यापर्यंत चालावे लागले. तिला तेथपर्यंत नेण्याची गरजच नव्हती. दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे. नाणेघाटाच्या कड्यावर किंवा गडाच्या तटावर कॅमेऱ्यात पाहत उलट्या पावलांनी मागे जाणे जिवावर बेतू शकते. "मागे सरकायचे नाही" हा नियम मुलांना सहलीआधीच सांगून ठेवावा.

झूम करून का भागत नाही

यावर विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, झूम केले तर?" झूम केल्याने चौकटीतली प्रत्येक गोष्ट सारख्याच पटीत वाढते. आजी दुप्पट झाली तर डिशही दुप्पट होणार आणि चौकटीबाहेर जाणार. दोघींतले १ ला ३० हे प्रमाण झूममुळे बदलत नाही. ते आपण कोठे उभे आहोत आणि माणसे कोठे उभी आहेत, एवढ्यावरच ठरते.

काढून झालेला फोटो बोटांनी मोठा करून पाहिला तर? त्याने नवी माहिती मिळत नाही. समजा, फोटोत आडवे ४००० ठिपके आहेत आणि ते १२० मीटर रुंदीत वाटले गेले आहेत. मग दीड मीटरच्या माणसाच्या वाट्याला ५० ठिपके येतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम सात. सात ठिपक्यांत डोळे, नाक आणि हसू कसे मावणार? दुर्बिणीच्या बाबतीतही नियम हाच आहे. जो तपशील टिपलाच नाही, तो नंतर प्रतिमा मोठी करून मिळत नाही.

मग फोटो काढताना हे आपल्या लक्षात का येत नाही? कारण डोळा आणि मन मिळून पाहतात. आजी ९० मीटरवर असली तरी तिची उभी राहण्याची ढब आणि लुगड्याचा रंग आपल्या ओळखीचा असतो. आपण नेमके तिच्याकडेच पाहतो आणि उरलेले मन आठवणीतून भरून काढते. शिवाय छापलेला फोटो हातात धरून पाहताना ती प्रत्यक्षात दिसली होती त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसते. कॅमेऱ्याला आजी आणि कुंपणाचा खांब सारखेच.

एक पाऊल बाजूला

माणसे जवळ आणली, की दुसरी अडचण उभी राहते. कोणाच्या तरी डोक्यातून विजेचा खांब उगवतो. यावरचा उपाय खगोलशास्त्रज्ञांच्या ओळखीचा आहे. त्याला पराशय म्हणतात. एक डोळा मिटून समोर अंगठा धरा, मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर जाते. तेवढ्यामुळे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेले दिसतात आणि त्यावरून त्यांचे अंतर काढता येते.

आपल्याला तेवढा प्रवास करावा लागत नाही. माणूस ३ मीटरवर आणि खांब ३० मीटरवर असताना आपण ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, बाजूला झालो, तर छापील फोटोत डोके आणि खांब यांच्यात सुमारे १० मिलिमीटरचा फरक पडतो. त्याच फोटोत डोक्याची रुंदी साधारण ५-६ मिलिमीटर असते. एका फुटात खांब डोक्यातून बाहेर. बटण दाबण्याआधी प्रत्येक डोक्याच्या मागे काय आहे हे एकदा पाहावे आणि लागले तर एक पाऊल सरकावे. एवढी एक सवय लागली तरी निम्मे काम होते.

क्षितिज कोणाच्या गळ्यातून जाते?

सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा फोटोतल्या प्रत्येक माणसाला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते, मग तो जवळ असो की दूर. कॅमेरा दीड मीटर उंच धरला, तर दीड मीटर उंचीवर जे असेल त्यातून ती जाते. कोणाच्या डोळ्यांतून, कोणाच्या गळ्यातून. दूरचा बांध, रस्ता किंवा उसाची कडही क्षितिजाच्या जवळपासच दिसते आणि माणसांची मान कापल्यासारखी वाटते.

कॅमेरा छातीच्या उंचीवर आणला, की ही रेषा छातीतून जाते आणि चेहरे मोकळ्या आकाशापुढे येतात. मुलांचा फोटो काढताना गुडघे टेकून बसावे. आपण उभे राहून काढलेल्या फोटोत मुलांची डोकी मोठी, पाय आखूड आणि पार्श्वभूमीला नुसती माती दिसते. बसल्यावर तीच मुले उंच होतात आणि त्यांच्यामागे दुर्बीण दिसू लागते.

उन्हाचा कोन

खोडदचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. २८ फेब्रुवारीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे ८ अंश दक्षिणेला असतो. म्हणजे मध्यान्ही त्याची उंची ९० वजा २७, सुमारे ६३ अंश. इतक्या उंचावरून येणाऱ्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि सगळ्यांचे डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. शिवाय पांढुरक्या आकाशापुढे डिशची बारीक जाळी फिकी पडते. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर ऊन तिरपे येते आणि चेहऱ्यांना उठाव मिळतो.

सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा असे पूर्वी शिकवीत. पण त्यामुळे समोरची मंडळी डोळे बारीक करतात. सूर्य बाजूला असावा, हे बरे. भर दुपारीच फोटो काढायचा असेल, तर माणसांना झाडाच्या सावलीत उभे करावे आणि मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. कॅमेरा चेहऱ्यानुसार प्रकाश ठरवतो. आकाश थोडे पांढरे झाले तरी चालेल, चेहरे महत्त्वाचे.

येथे एक शंका येईल: माणसे ३ मीटरवर आणि डिश ९० मीटरवर असताना दोन्ही स्पष्ट येतील का? मोबाइलच्या भिंगाचे नाभीय अंतर काही मिलिमीटरच असते. त्यामुळे भरपूर उजेडात दोन्ही पुरेशी स्पष्ट येतात. फक्त पार्श्वभूमी मुद्दाम धूसर करणारी सोय बंद ठेवावी. नाहीतर एवढ्या दूर जाऊन डिशच पुसली जायची.

कडेची मावशी

रुंद देखावा टिपणाऱ्या भिंगात चौकटीच्या कडेला वस्तू ताणल्या जातात. आपल्या हिशोबातील कॅमेऱ्यात अगदी कडेला असलेला गोल चेंडू बाहेरच्या दिशेने सुमारे २० टक्के लांबलेला दिसतो. हा भिंगाचा दोष नाही. गोलाकडून तिरपे येणारे किरण सपाट पृष्ठभागावर घेतले, की असेच होणार. टॉर्चचा झोत भिंतीवर तिरपा पाडला की लंबवर्तुळ दिसते, तसेच हे. म्हणून कडेला उभी राहिलेली मावशी दर वेळी "मी काय एवढी जाड आहे?" असे विचारते. तिचे म्हणणे रास्त आहे! दोन्ही कडांना थोडी जागा मोकळी सोडावी आणि कडेला झाड, दगड, कुंपण येऊ द्यावे. फोटो घोट्यापाशी किंवा मनगटापाशी कापू नये. कापायचाच तर कमरेपाशी कापावा.

मोबाइल बंद असताना करायची कृती

खोडदला भेट देणाऱ्यांना दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल बंद ठेवावा लागतो. ही नुसती शिस्त नव्हे. मोबाइलच्या संदेशवहनासाठी वापरले जाणारे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे तरंग दुर्बिणीच्या कार्यपट्ट्यांच्या जवळपासच येतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे तरंग इतके क्षीण असतात, की जवळचा एक मोबाइल त्यांना सहज बुडवून टाकतो. संदेशवहन बंद केले तरी यंत्रातील विद्युत मंडले थोडेफार रेडिओ तरंग सोडतच असतात. तेव्हा फोटोबाबत तेथील कर्मचारी सांगतील तसेच वागावे.

पण मोबाइल बंद असताना रचना शिकता येते. किंबहुना तेव्हाच चांगली शिकता येते. त्यासाठी एक पुठ्ठा घ्या. त्यात २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. पुठ्ठ्याला १५ सेंटिमीटर लांबीची दोरी बांधा. दोरीचे मोकळे टोक डोळ्याशेजारी गालावर धरा, दोरी ताणा आणि दुसरा डोळा मिटून खिडकीतून पाहा. २० भागिले १५ म्हणजे १.३. आपल्या हिशोबातील कॅमेरा जे टिपेल, तेच या खिडकीत दिसेल.

आता विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाने खिडकी धरावी, दुसऱ्याने आधी डिशच्या दिशेने दूर जावे आणि मग पावले मोजत जवळ यावे. खिडकीत तो डिशच्या रुंदीएवढा उंच कधी दिसतो, ते अंतर मोजावे. त्या अंतराला डिशच्या रुंदीने गुणून विद्यार्थ्याच्या उंचीने भागले, की डिशचे अंतर मिळते. खोडदला जाणे जमत नसेल, तर गावची पाण्याची टाकी किंवा देवळाचे शिखरही चालेल. मग त्याच जागी, जेथे परवानगी असेल तेथे, एकच फोटो काढावा. आठ दिवस खिडकीतून पाहिलेला विद्यार्थी मोबाइल हाती आल्यावर चाळीस फोटो काढत सुटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

एका फोटोत सगळे येत नाही

डिशच्या पायथ्याशी माणूस उभा केलेला फोटो वाईट, असा याचा अर्थ नाही. डिश किती मोठी आहे हे दाखवायचे असेल, तर तो दोन मिलिमीटरचा माणूसच मोजपट्टी होतो. पण त्या फोटोत तो मोजपट्टीच असतो, आजी नसते. म्हणून दोन फोटो काढावेत, एक वस्तूच्या मापासाठी आणि एक माणसांसाठी. तिसरा फोटो काढणाऱ्याला आत घेऊन, दुसऱ्या कोणाला तरी कॅमेरा देऊन. बहुतेक घरांच्या अल्बममध्ये एक माणूस कधीच दिसत नाही, कारण कॅमेरा नेहमी त्याच्याच हाती असतो.

खोडदच्या दुर्बिणीची मांडणीही हेच सांगते. ३० पैकी १४ अँटेना मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात जवळजवळ आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन बाहूंवर दूरवर पसरल्या असून सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. जवळच्या जोड्या आकाशातील मोठ्या, पसरट रचना टिपतात आणि दूरच्या जोड्या बारीक तपशील. दोन्हींची गरज असते, हे ओळखूनच प्रत्येकीची जागा ठरवलेली आहे.

यंदा शाळेची सहल निघेल तेव्हा मुलांना एवढेच सांगावे: घरचे कोणी वयस्क बरोबर असेल, तर आधी त्यांना आपल्यापासून चार पावलांवर उभे करा आणि मग मागे काय हवे ते बघा. गड, लेणी आणि डिश पुढच्या वर्षीही तेथेच असतील.